आरसा झालेले लाकूड

घड्याळांसाठी बनवलेली उंची लाकडी कपाटे ही आज संग्राहकांच्या जगात एक स्वतंत्र वस्तू झाली आहे. आत मखमली कप्पे, छोटे दिवे आणि स्वयंचलित घड्याळे मंद फिरवत ठेवणाऱ्या मोटारी. बाहेर तोंड दिसेल अशी झिलई. या कपाटांची माहितीपत्रके मी बरीच वाचली आहेत. कोणते लाकूड वापरले हे त्यात सांगितलेले असते, पण लेखणी खरी रमते ती झिलईच्या वर्णनात. एखाद्या कवितेचे परीक्षण करताना आपण विचारतो की ही शैली काय सांगते आणि काय झाकते. तोच प्रश्न मला या चकाकीला विचारायचा आहे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही आणि कलेतिहासाचाही नाही. पुस्तके आणि पॉलिशवाले हेच माझे गुरू.

सुरुवात शब्दापासून करू. 'लॅकर' या इंग्रजी शब्दाचे मूळ आपल्या 'लाक्षा'त, म्हणजे लाखेत आहे. पण युरोपला ज्या झिलईचे वेड लागले तिच्यात लाखेचा कण नव्हता. ती होती चीन-जपानची 'उरुशी', एका झाडाच्या चिकाची. नाव भारताचे, वस्तू पूर्व आशियाची आणि हौस युरोपची, असा हा प्रवास आहे. उरुशीचे झाड युरोपात नव्हते, चीक प्रवासात टिकेना. मग नक्कल सुरू झाली. १६८८ साली इंग्लंडमध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी या नकलेचे पाठ देणारे पुस्तकच काढले; पॅरिसमध्ये अठराव्या शतकात मार्तँ बंधूंचे व्हार्निश गाजले. आजच्या चकचकीत कपाटाची वंशावळ या नकलेपासून सुरू होते.

आता तीन झिलया शेजारी ठेवून पाहू.

पहिली उरुशी. आपल्याकडे रंग वाळायला ऊन लागते. उरुशीला दमट हवा लागते. साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता असलेल्या बंद कपाटात ती घट्ट होते, कारण चिकातले एक विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने तिचे रेणू जोडत जाते. एक थर द्यायचा, थांबायचे, घासायचे, पुन्हा थर. असे कित्येक थर. कच्चा चीक कातडीला लागला तर भयंकर पुरळ येते. पॅरिसमध्ये सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडून ही कला शिकलेल्या आयलीन ग्रे यांचे हातही त्यातून सुटले नाहीत. म्हणून जुने ते सगळे सात्त्विक, असे मी म्हणणार नाही. पण उरुशीचा एक गुण विलक्षण आहे. वर्षांगणिक तिचा वरचा थर अधिक पारदर्शक होत जातो आणि आतला रंग उजळत वर येतो. वस्तू म्हातारी होते तशी खुलते.

दुसरी आपली लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणारा कीटक ती स्रवतो. झारखंड हा तिचा मोठा प्रदेश. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते आणि केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. हीच लाख चपड्याच्या रूपात स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लावली की ते फ्रेंच पॉलिश. गरम कप ठेवला की त्यावर पांढरा डाग उठतो, हा तिचा दोष. पण नवा हात दिला की त्यातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एकजीव होतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या पॉलिशला आजचा कारागीर तिथूनच पुढे नेऊ शकतो.

तिसरी आजची. १९२३ साली ड्यू पाँट कंपनीचे 'ड्यूको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले आणि मोटारी रंगवायला लागणारे आठवडे तासांवर आले. त्यानंतरची पायरी पॉलिएस्टरची. पियानोवर दिसते ती काळी, खोल, काचेसारखी चकाकी याचीच. खाली बहुधा एमडीएफ, कारण अखंड लाकूड हवेनुसार फुगते-आकसते आणि वरच्या कडक थराला ते सोसत नाही. त्यावर लाकडाचा पातळ पापुद्रा, त्यावर फवाऱ्याने जाड थर. मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासणे, शेवटी बफिंग. हा थर पाण्याला, स्पिरिटला दाद देत नाही. पण टवका उडाला तर भरलेला नवा माल जुन्यात विरघळत नाही, नुसता चिकटून बसतो. जखम बुजवता येते. कातडी पुन्हा एक होत नाही.

इथे मराठीतला एक शब्द माझ्या मदतीला येतो. पॉलिशचा किंवा रंगाचा थर आपण 'हात' म्हणून मोजतो. 'दोन हात झाले, अजून एक देऊ का?' असे पॉलिशवाला विचारतो. भाषेने थराला माणसाचा अवयव बहाल केला आहे. पॉलिएस्टरच्या कपाटावरही हात राबलेले असतातच. दिवसचे दिवस घासणारा माणूस तिथेही आहे, आणि फवारणीच्या खोलीत स्टायरिनची वाफ मास्कमागून टाळणाराही तोच. पण त्याच्या कौशल्याची परीक्षा एकच आहे: आपला हात कुठेही दिसू न देणे. चांगले काम म्हणजे ज्यात कुणी काम केले असे वाटत नाही ते. माझा आक्षेप यंत्राला किंवा रसायनाला नाही, या निकषाला आहे.

घड्याळाच्या कपाटात हा निकष अधिकच खटकतो. जुन्या घड्याळांचा जाणकार संग्राहक उतरलेल्या रंगाच्या तबकडीवर जीव टाकतो. केसला कुणी अति पॉलिश करून मूळ कडा गोल केल्या असतील तर किंमत घसरते. यांत्रिक घड्याळाचा मोठेपणाच हा की ते उघडता येते, तेल घालता येते, झिजलेला भाग बदलता येतो आणि ते पुढच्या पिढीला देता येते. काळाच्या खुणांना दाम देणारा हाच माणूस ते घड्याळ अशा पेटीत ठेवतो जिच्यावर बोटाचा ठसाही उमटलेला चालत नाही. आत वय जपायचे, बाहेर वय नाकारायचे.

कुणी म्हणेल, पेटीचे काम रक्षणाचे. ओल आणि ओरखडे तिने थोपवावेत एवढेच. हे मान्य. पॉलिएस्टर हे काम उत्तम करते, आणि स्वयंपाकघराच्या कपाटावर मीही तेच सुचवेन. पण रक्षणासाठी आरसा लागत नाही. मंद झिलईचा थरही तेवढेच रक्षण करतो. आरसा लागतो तो पाहणाऱ्यासाठी. तानिझाकी यांनी १९३३ च्या आपल्या सावल्यांवरच्या निबंधात लॅकरच्या भांड्यांविषयी हाच मुद्दा मांडला: ती अंधूक उजेडासाठी घडली, विजेच्या झगझगाटात त्यांची खोली हरवते. आजच्या कपाटाला मात्र झगझगाटच हवा. उरुशीची चमक नजरेला आत ओढते. आरशाची चमक पाहणाऱ्याचाच चेहरा त्याला परत देते. लाकूड मधल्या मध्ये गायब.

म्हणून झिलईच्या समीक्षेसाठी मी दोन साधे प्रश्न सुचवतो. किती चमकते, याआधी विचारावे: पन्नास वर्षांनी ही कशी दिसेल? आणि तेव्हा कुणाला हिच्यावर आणखी एक हात देता येईल का? ज्या झिलईला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे देता येते, ती मला अधिक श्रीमंत वाटते, मग ती सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यावर का असेना.