शिफारस कोणासाठी?

सध्या काय वाचता, या प्रश्नाला आपण बहुधा ग्रंथनामांची यादी देतो. तीतून सांगणाऱ्याचे पांडित्य कळते. ऐकणाऱ्याची भूक तशीच राहते. ग्रंथाची शिफारस ही वाचक ओळखून करावयाची टीका होय, असे आम्ही मानतो.

रामाकोना येथील वाचक घ्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. सौंसरचा हा मराठीभाषी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी, सरकारी व्यवहार हिंदीत, अशी त्याची स्थिती. त्याला आम्ही प्रथम उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) देऊ. शिंप्याच्या घरातील कौतिकची दारिद्र्याशी झुंज शेळके भावविवश न होता सांगतात. आणि संवाद वऱ्हाडीत असल्याने तिचे दुःख त्याला ओळखीच्या बोलीत ऐकू येते. मग व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) द्यावी. तीतील माणदेश त्याला दूरचा. पण अनोळखी वाडीत आलेल्या तरुण शिक्षकाबरोबर तोही तेथे रुळेल.

हा क्रम उलटल्याने कृतींचे वाङ्मयीन मोल घटत नाही, हे खरे. परंतु आपली बोली ग्रंथात मावते, हा विश्वास आधी लाभला, तर पुढचा ग्रंथ वाचक स्वतः मागेल. शिफारशीचे यश आम्ही याहून वेगळे समजत नाही.