मोठ्याने वाचायची चित्रपुस्तके आणि मराठीचा ठेका

मराठी बालवाङ्मयात लयीचा तुटवडा कधीच नव्हता. मांडीवर खेळवताना म्हटली जाणारी गाणी, बडबडगीते आणि चिऊकाऊच्या गोष्टीत दाराशी पुनःपुन्हा होणारे आर्जव यांवर अनेक पिढ्यांचे कान तयार झाले, आणि या मौखिक भांडवलाला विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ (१९६१) पासून पुढे चक्रमपणाची, भुताखेतांची आणि शब्दांच्या उलथापालथीची जोड दिली. दुसरीकडे माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या मालिकांत मजकूर आणि चित्र दोन्ही स्वतःच्या हाती ठेवून घरातल्या बोलण्याचा सहजपणा गद्यात आणला. मात्र हे दोन प्रवाह एका पुस्तकात क्वचितच भेटतात: कविता संग्रहात जाते, जिथे तिच्या वाट्याला पानाच्या कोपऱ्यातले एखादे चित्र येते, आणि चित्रपुस्तक बहुधा गद्यातच राहते. एकच गोष्ट पानामागून पान पद्यात उलगडते, चित्र शब्दांइतकेच सांगते आणि पान उलटण्याचा क्षण हाच कवितेतला विराम ठरतो, अशा अर्थाने ज्याला लयबद्ध चित्रपुस्तक म्हणता येईल, तो प्रकार मराठीत अद्याप तुरळक आहे.

या तुरळकपणाचा दोष प्रकाशकांच्या हिशेबावर टाकण्याची प्रथा आहे. रंगीत छपाई महाग पडते आणि एका पुस्तकात वीस कविता बसत असताना एकीसाठी चोवीस पाने खर्ची घालणे परवडत नाही, हे खरेच; पण अडचणीचे मूळ भाषेच्या घडणीतही आहे आणि त्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. अक्षरछंदात, म्हणजे ओळीतील अक्षरांची संख्या मोजून रचलेल्या पद्यात, ‘मांजर बसले वर’ आणि ‘मामा आला रे गावाला’ या दोन्ही ओळी आठ अक्षरी आणि म्हणून समान ठरतात. बोलताना मात्र मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही ‘अ’ गिळतो, त्यामुळे पहिली ओळ मां-जर्-बस्-ले-वर् अशी पाच उच्चारांत संपते आणि दुसरीला पुरे आठ लागतात. गाताना ‘मांजर’मधला ‘र’ लांबवून हे अंतर बुजवता येते. रात्री दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेल्या बापाला चाल ठाऊक नसते, तो बोलल्यासारखे वाचतो आणि ओळ लंगडते. बडबडगीते लंगडत नाहीत, कारण ती टाळीच्या ठोक्यावर बेतलेली असतात आणि दोन ठोक्यांमधली रिकामी जागाही त्यांच्या मोजणीत धरलेली असते.

यमकाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर थांबते, त्यामुळे आला-गेला-झाला ही यमके हात न पसरता पदरात पडतात. परंतु अशा यमकाने मुलाला अंदाज बांधता येतो तो फक्त प्रत्ययाचा. यमकाचा दुसरा शब्द पुढच्या पानावर लपवून मुलाकडून तो आधीच वदवून घेणे हा या प्रकारातला खरा खेळ आहे, आणि तो रंगायचा तर ओळीच्या टोकाला परात, वरात, घुबड किंवा चप्पल अशी चित्रात दिसणारी वस्तू यावी लागते. त्यासाठी वाक्याचा क्रम फिरवूनही ते बोलीतले वाटले पाहिजे, आणि इथेच हौशी लेखन उघडे पडते.

अनुवादांत हीच अडचण दुप्पट होते. ज्युलिया डोनाल्डसन यांच्या ‘द ग्रफलो’ (१९९९) या इंग्रजी पद्यकथेत उंदराला कोल्हा, घुबड आणि साप क्रमाने भेटतात व पुढे तेच प्राणी उलट क्रमाने पुन्हा समोर येतात. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे प्रत्येक भेटीसाठी एकच साचा चालतो. मराठीत कोल्हा पळाला, साप पळाला, पण घुबड पळाले, म्हणजे ज्या ओळीची वाट पाहायची ती ऐन वेळी बदलते. चित्रे आधीच ठरलेली असल्याने घुबडाच्या जागी ससाणा बसवण्याची मुभा अनुवादकाला नसते. त्यामुळे अनुवादक एकतर गद्याचा आश्रय घेतो किंवा ‘हो’, ‘बरे’, ‘छान’ अशा भरतीच्या शब्दांनी ओळ पुरी करतो. यांतले गद्य निदान प्रामाणिक असते.

अलीकडे पुस्तकासोबत चाल लावलेले ध्वनिमुद्रण देण्याची पद्धत रुळली आहे, आणि तिचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. गायिका ‘र’ लांबवते, तबला रिकाम्या जागा भरतो आणि कच्ची ओळही कानाला पक्की वाटते, त्यामुळे छपाईपूर्वी ती कोणी नुसती, चालीविना, वाचून पाहत नाही. ते काम शेवटी घरातला वाचणारा करतो: तिसऱ्या पानावर अडखळतो, मनानेच एक शब्द गाळतो, आणि मूल दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुरुस्त केलेल्या ओळीसाठी हट्ट धरते.