नेमक्या शब्दांचा समाज आणि एक न विचारलेला प्रश्न

लोइस लाउरी यांची ‘द गिव्हर’ ही अमेरिकी किशोर-कादंबरी १९९३ साली आली. पुढच्या वर्षी तिला न्यूबेरी पदक मिळालं. तिची चर्चा बहुधा ‘स्वातंत्र्य की सुरक्षितता’ एवढ्यावरच संपते. आज आपण जरा दुसऱ्या दारानं आत जाऊ या.

या कथेतल्या समाजात भूक नाही, युद्ध नाही; रंगही नाहीत. गतकाळाच्या आठवणी एकाच माणसाकडे सोपवलेल्या, आणि त्याचा वारस म्हणून बारा वर्षांच्या जोनासची निवड होते. इथे एक मोठा आग्रह आहे : शब्द नेमका वापरा. ‘तुमचं माझ्यावर प्रेम आहे का?’ असं जोनास विचारतो तेव्हा आईवडील हसतात. त्यांच्या लेखी हा शब्द फारच मोघम. पण त्याच घरात ‘रिलीज’ हा शब्द बिनदिक्कत चालतो! म्हातारे, नियम मोडणारे, जुळ्यांतलं कमी वजनाचं बाळ, सगळे ‘रिलीज’ होतात. जोनास वडिलांना त्या बाळाला सुई टोचताना पाहतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ उघडा पडतो.

मग वडील दोषी का? जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही, असं सॉक्रेटिस म्हणेल. ॲरिस्टॉटल इतका उदार नाही. परिस्थितीचा तपशील ठाऊक नसेल तर तो माफी देतो, बरं-वाईटच कळत नसेल तर देत नाही. वडिलांना तपशील दिसतो. बाळाची हालचाल थांबलेली दिसते. कळत नाही ते त्यातलं वाईट. पण ते कळण्यासाठी लागणारे शब्द आणि भावना समाजानंच लहानपणापासून काढून घेतल्या असतील तर? ॲरिस्टॉटलचा निवाडा इथे डगमगतो, आणि कादंबरीचं खरं बळ आपल्याला इथेच दिसतं.

तिची उणीव मात्र शेवटाकडे आहे. जोनास निघून गेला की त्याच्याजवळच्या आठवणी सर्वांकडे परततील, अशी योजना तो आणि त्याचा वृद्ध गुरू आखतात. त्या लोकांना कोणी विचारलं का हो? आधी ज्येष्ठांनी त्यांच्या वतीनं ठरवलं, आता या दोघांनी. हेतू उदात्त आहे, मान्य. पण रीत तीच. समाज संमती देण्याच्याच अवस्थेत नव्हता, असा बचाव करता येईल. तोही बारकाईनं तपासावा लागेल, कारण नेमका हाच बचाव ज्येष्ठांनाही करता आला असता.