जयंती आणि पुण्यतिथी : मुंबई आपले दिवस कसे पाळते

राजधानीचं शहर आपले ऐतिहासिक दिवस साजरे करतं, तेव्हा ते नेमकं काय करतं, हा आजचा प्रश्न आहे. उदाहरण घरचंच घेऊ, मुंबईचं.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं आणि मुंबई त्याची राजधानी. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. गावात साखर वाटली होती, एवढं आठवतं. ती का वाटली हे वडिलांनी रात्री समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता ते फ्लोरा फाउंटनपाशी येऊन गप्प झाले. ते का गप्प झाले हे कळायला आम्हाला पुष्कळ वर्षं लागली.

२१ नोव्हेंबर १९५५ला विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर त्याच परिसरात गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या काही दिवसांत आणखी माणसं गोळ्यांना बळी पडली. म्हणजे राज्याचा जन्मदिवस एक आहे आणि त्यासाठी मेलेल्यांचे दिवस वेगळे आहेत.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द आहेत : जयंती आणि पुण्यतिथी. जयंतीला काय मिळालं ते आठवायचं, पुण्यतिथीला कुणामुळे मिळालं ते. आता शहराचा शिरस्ता बघा. १ मेला सकाळी हुतात्मा चौकात पुष्पचक्र, मग शिवाजी पार्कवर ध्वजवंदन आणि संचलन. २१ नोव्हेंबरला पुन्हा पुष्पचक्र. पण १ मेला सुट्टी असते, २१ नोव्हेंबरला लोकल नेहमीसारखी खच्चून भरलेली असते. त्या गर्दीतल्या किती जणांना ती तारीख ठाऊक असते? जयंतीने पुण्यतिथी गिळून टाकली, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार आकड्याबद्दल. आम्ही लहानपणापासून ‘१०५ हुतात्मे’ म्हणत आलो. पुढे १०६ ऐकलं, मग १०७. आकडा बदलतो आणि आपलं काही अडत नाही, कारण आपल्याला आकडाच पुरतो. विद्यार्थ्यांना आम्ही विचारायचो, या हुतात्म्यांपैकी एकाचं तरी नाव सांगा. वर्ग गप्प. अहो, घरच्या श्राद्धातसुद्धा नाव-गोत्र घेतल्याशिवाय पिंड ठेवत नाहीत!

नीत्शे या तत्त्वज्ञाने १८७४च्या एका निबंधात इतिहासाकडे बघण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या. एक स्मारकं उभारणारी, दुसरी जुनं जपणारी आणि तिसरी भूतकाळाला जाब विचारणारी. तिन्हींची गरज असते, आणि एकटी कुठलीही माजली तर जगण्याला घातक ठरते, असं त्याचं म्हणणं. आपली राजधानी पहिलीवरच थांबते.

कुणी म्हणेल, सर, सणाच्या दिवशी सुतक कशाला? प्रश्न रास्त आहे. लेझीम, संचलन, रोषणाई, हे सगळं हवंच. रडका उत्सव आम्हालाही नको. आमचं म्हणणं एवढंच की हुतात्मा चौकातला पुतळा कुणाचा आहे, ते नीट बघा. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत ते. नेते नव्हेत. १ मे हा कामगार दिनही आहे.

आणि त्या कामगाराचं पुढे काय झालं? या आंदोलनाचं मोठं बळ गिरणगावात होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. म्हणजे पहिले दोन वाटे आक्रसले. पुतळ्यातला कामगार चौकात राहिला. हाडामांसाचा कामगार विरार, बदलापूर किंवा थेट गावाकडे गेला.

१ मे २०२० आठवा. राज्याला साठ वर्षं झाली. टाळेबंदी होती, संचलन नव्हतं, चौक रिकामा. नेमक्या त्याच दिवशी अडकलेल्या मजुरांना घेऊन पहिल्या श्रमिक गाड्या सुटल्या. त्यांतली एक आपल्या नाशिकहून निघाली. मुंबईतूनही माणसं डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने चालत होती. त्यातली बरीचशी मराठी नव्हती, हे खरं. पण हे शहर त्यांच्याही हातांवर चालत होतं. आम्ही घरात बसून दूरचित्रवाणीवर ते बघत होतो. साठाव्या वाढदिवशी राजधानी आपल्या पुतळ्यातल्या माणसाला ओळखेनाशी झाली होती. त्यात आम्हीही आलो.

म्हणून आमचं मागणं लहान आहे. २१ नोव्हेंबरला त्या चौकात सगळी नावं मोठ्याने वाचावीत. पुढाऱ्यांनी नव्हे, महापालिका शाळांतल्या मुलांनी. आणि १ मेला शासनाने भाषणात एक हिशेब द्यावा : यंदा या शहरात राबणाऱ्या किती कुटुंबांना इथे घर मिळालं. आकडा लाजिरवाणा असला तरी द्यावा. टाळ्या कमी पडतील, हरकत नाही.

प्रश्न असतील तर विचारा.