दान, सत्ता आणि ओस गाव

शहापूरचा थळघाट नाशिककडे चढतो, तर मुरबाडचा नाणेघाट जुन्नरकडे. कल्याण बंदरातील माल प्रामुख्याने या वाटांनी देशावर जात असे. म्हणूनच इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांत सातवाहन व क्षहरात या बलाढ्य सत्तांच्या स्पर्धेत हा मुलूख सापडला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतावरून दिसते की, कल्याणच्या व्यापारास अडथळा करण्यात आला होता आणि तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचे भय होते. आज परराष्ट्रनीतीत ज्यास प्रभावक्षेत्र म्हणतात, ते याहून फारसे निराळे नाही.

या संघर्षाविषयी एक समजूत रूढ आहे: दोन्ही पक्षांनी भिक्खुसंघास दाने दिली, सबब दोघेही धम्माचे निःस्वार्थ आश्रयदाते होते. आमच्या मते हे वाचन अपुरे आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे व्याजावर चालणारी कायम ठेव, दिल्याचे कोरले आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि राज्यवर्ष १८ मध्ये उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्याच डोंगरावरील भिक्खूंना दिले. जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. हे भूमिदानही आम्हांस तशाच ठशासारखे वाटते.

राज्यवर्ष २४ चा लेख अधिक बोलका आहे. ते शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही, म्हणून दुसरी १०० निवर्तने देत आहोत, असे राजा व राजमाता त्यात सांगतात. गावचे कसणारे कोठे गेले, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

भारताने बुद्धधातू २०२२ मध्ये मंगोलियास व २०२४ मध्ये थायलंडला दर्शनार्थ पाठविले. चीनने २००६ पासून जागतिक बौद्ध मंच भरविला आहे. उपासकांना याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. तथापि दात्याच्या नावापाशी थांबून चालणार नाही. पंचशीलाचे नाव घेणाऱ्या चीनला बाबासाहेबांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत जी कसोटी लावली, तीच येथे लावावयास हवी: आपल्या सत्तेखालील माणसांशी दाता कसा वागतो?