‘एकबम्हण’ आणि अपुरे वाचन

सातवाहनांविषयीच्या लेखनात नाशिकच्या लेणे क्रमांक ३ मधील ‘एकबम्हण’ हे गौतमीपुत्र सातकर्णीचे विशेषण आवर्जून उद्धृत होते. तेवढ्यावरून संपूर्ण घराण्याची सांस्कृतिक ओळख ठरविली जाते. आम्हांस हे वाचन अपुरे वाटते. पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील हा लेख मुळात दानलेख आहे. प्रशस्तीनंतर त्याचे प्रयोजन येते: गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने हे लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्षुसंघास अर्पण केले. नाणेघाटच्या लेखातील यज्ञ आम्ही नाकारीत नाही. परंतु यज्ञ नोंदवून दान वगळणे हा पक्षपात होय. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकटाचे यवन आणि सुतारही दाते म्हणून नावानिशी उभे आहेत. अभ्यासकांनी मूळ प्राकृत लेख अखेरपर्यंत वाचावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.