'डेट' आज्ञा: न सांगता होणारी चूक

झाशीच्या सदर बाजारातले एखादे बिल घ्या. त्यावरील ०५/०६/२०२३ म्हणजे ५ जून, यात कुणाला शंका नसते. हीच तारीख लिनक्सवरच्या ग्नू 'डेट' आज्ञेला 'डी' पर्यायाने द्या. ती ६ मे समजते. तारीख वाचणारा तिचा मूळ भाग स्टीव्हन बेलोविन यांनी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात असताना लिहिला. तिरकी रेघ दिसली की आधी महिना, ही तिथली रीत त्यात आहे. लोकेल मराठी केले तरी छापली जाणारी नावे बदलतात, वाचन तेच राहते.

परकी रीत एक वेळ सोसू. पण २०२३ च्या ३६५ तारखा अशा देऊन पाहा. १३ ते ३१ दिनांकांच्या २२१ तारखांना ही आज्ञा 'अवैध तारीख' म्हणते. उरलेल्या १४४ पैकी १२ मध्ये दिवस आणि महिना सारखेच आहेत. बाकी १३२ तारखा उलट वाचल्या जातात, तरी एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'यशस्वी'! उधारीची मुदत मोजणारी स्क्रिप्ट यावरच विसंबते.

म्हणून आधी 'ऑक'ला तिरकी रेघ विभाजक म्हणून द्या आणि तिसरा, दुसरा, पहिला असे रकाने आडव्या रेघेने जोडून छापा: २०२३-०६-०५. आयएसओ ८६०१ चा हा क्रम 'डेट' बरोबर वाचते; साध्या 'सॉर्ट'नेही तारखा ओळीने लागतात.

स्क्रिप्ट तपासताना फक्त २५ तारीख घेऊ नका. ५ तारीख जरूर घ्या.